आई-बाबा जर्मनीला निघालेत: तिथलं सिम, इथला नंबर आणि बँकेचे ओटीपी

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे आई-बाबा सप्टेंबरच्या मध्यावर भावाकडे जाणार आहेत, श्टुटगार्टजवळ, साधारण ७५ दिवसांसाठी. जाताना दुबईत दोन रात्री मुक्काम. बाबा झेडपीचे निवृत्त शिक्षक. दोघांकडे अँड्रॉइड फोन, दोघांचे नंबर प्रीपेड, आणि दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. ताई विचारतात की मुंबईहून कुरिअरने मिळणारं परदेशी प्रीपेड सिम इथूनच घेऊन द्यावं, आपल्याच कंपनीचं रोमिंग टाकावं, का तिकडे उतरल्यावर सिम घ्यावं? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘बाबांना बँकेचे ओटीपी मात्र यायला हवेत.’

ताई, सिम कुठलं घ्यायचं हा यातला सोपा भाग आहे. जाता जाता लिहिलेली ती ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून उत्तर तिच्यापासून सुरू करतो.

मी जळगावहून सहलींचे ग्रुप परदेशात नेतो. रावेर-यावलकडचे केळीवाले, धुळ्याचे व्यापारी, नंदुरबारचे गुरुजी, भुसावळचे रेल्वेतून रिटायर झालेले काका-काकू, अशी माझी मंडळी. नेट कमी पडलं म्हणून त्यांच्यातला कुणी अडकल्याचं क्वचितच पाहिलंय. माणूस अडकतो तो इथल्या नंबरवर येणारे मेसेज बंद झाले की, नाहीतर विमानतळावर उतरल्यावर पहिल्या दोन तासांत. म्हणून निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये मी फोनची कामं वेगळी करून सांगतो. एक, भारतातला नंबर जिवंत ठेवणं, म्हणजे ओटीपी, बँक, व्हॉट्सॲप. दोन, तिकडे राहतानाचं रोजचं नेट आणि बोलणं. तीन, मधला प्रवास. तिन्ही कामं एकाच सिमवर भागवायला गेलं की पैसेही जास्त जातात आणि नेमक्या वेळी एखादं काम अडतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हालाच बघाव्या लागतील. फोन दोन सिमचे आहेत ना? मेमरी कार्ड घातलं की दुसऱ्या सिमची जागा जाते, असे फोन अजून बरेच वापरात आहेत. फोन इथल्याच दुकानातून घेतला असेल तर लॉकचा प्रश्न सहसा येत नाही. पण अमेरिकेतल्या कुणी वापरून दिलेला असेल तर तो तिथल्या एका कंपनीला बांधलेला असू शकतो. दुसरं सिम घालून आधी इथेच बघून घ्या. भाऊ विमानतळावर घ्यायला येणार का? आई-बाबा तिथे एकटे हिंडणार, की भाऊ-वहिनीबरोबरच बाहेर पडणार? या उत्तरांप्रमाणे माझ्या सल्ल्यातला तपशील थोडा इकडेतिकडे होईल, मुख्य मांडणी तीच राहील.

आता इथला नंबर. बाबांचं सिम फोनमधून काढायचं नाही, ते पहिल्या खाचेत तसंच राहू द्या. ओटीपीचा एसएमएस नेटवरून येत नाही. कॉल जुळवण्यासाठी नेटवर्कची जी आतली यंत्रणा असते तिच्यावरून तो येतो. त्यामुळे डेटा पूर्ण बंद असला तरी, फोनने तिथल्या एखाद्या कंपनीची रेंज पकडलेली असली की मेसेज पोचतो. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपन्या साधारणपणे पैसे लावत नाहीत. अटी दोनच. त्या नंबरवर इंटरनॅशनल रोमिंगची सेवा चालू हवी, आणि रिचार्जची व्हॅलिडिटी संपलेली नको.

पहिली अट घरी असतानाच पुरी करा. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा कस्टमर केअरला फोन करून रोमिंग चालू करून घ्या, आणि प्रीपेड ग्राहकाला नुसता एसएमएस येण्यासाठीही एखादं रोमिंग रिचार्ज लागतं का, हे स्पष्ट विचारा. कंपनीगणिक ही अट वेगळी असते. तिकडे गेल्यावर हे करायला बसलं तर त्यासाठीच ओटीपी मागतात आणि तो येत नसतो, असा फेरा होतो.

दुसरी अट म्हणजे व्हॅलिडिटी. ८४ दिवसांचं रिचार्ज निघायच्या आदल्या दिवशी मारलं की ७५ दिवस त्यात बसतात. आधीचा पॅक शिल्लक असेल तर नवा त्याच्या मागे रांगेत लागतो, तेही चालेल. ‘तिकडे कुठे वापरणार, कशाला रिचार्ज’ असं बाबा म्हणतील. त्यांना सांगा की नंबर हातचा जाणं आणि इनकमिंग थांबणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये असतील तर तेवढे कापून पुढचे ३० दिवस तो राखून ठेवावा लागतो. म्हणजे नंबर टिकेल. पण पॅक संपल्यावर काही दिवसांतच इनकमिंग थांबतं, आणि आपल्याला ओटीपी हवाय, तेव्हा नुसता नंबर टिकून भागत नाही.

बरेच जण विचारतात की इथला नंबर जर्मनीच्या नंबरवर फॉरवर्ड करून ठेवला तर? करू नका. कॉल फॉरवर्डिंगने फक्त कॉल पुढे जातात, एसएमएस जात नाही. शिवाय कॉल पुढे गेलाच तर त्याचे भारत ते जर्मनी असे आयएसडीचे पैसे तुमच्याच खात्यातून.

दुसरी युक्ती आपल्याकडे फार चालते. सिम काढून मुलीकडे ठेवायचं, तिने जुन्या फोनमध्ये घालायचं आणि आलेला ओटीपी व्हॉट्सॲपवर कळवायचा. हे मला पटत नाही. बँकेची ॲप आणि यूपीआय फोनमधल्या सिमशी जोडलेली असतात; सिम निघालं की पुष्कळ ॲप पुन्हा नोंदणी मागतात. व्हॉट्सॲपचंही तसंच व्हायची चिन्हं आहेत. ज्या सिमवर ॲप नोंदवलंय ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेसेजिंग ॲपना दिलाय. आणि मुख्य म्हणजे ओटीपी दुसऱ्याला सांगायचा नाही हे आपणच आई-बाबांना दहा वेळा बजावतो, मग आपणच त्यांना ती सवय कशाला लावायची? आईंचा एखादा दुसरा नंबर असेल आणि त्याला बँक जोडलेली नसेल, तर तो खुशाल घरी राहू द्या.

आता इथून येणारे कॉल. रोमिंगवर असताना इथला कॉल उचलला तरी पैसे लागतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला पटत नाही. ‘फोन त्यांनी केला, पैसे मला का?’ कारण असं की अमळनेरहून मावशीने बाबांचा दहा आकडी नंबर लावला की तिच्या दृष्टीने तो भारतातलाच कॉल. तो आधी इथल्या कंपनीकडे येतो, मग तिथून जर्मनीत जातो. हा पुढचा टप्पा बाबा परदेशात असल्यामुळे वाढला, म्हणून त्याचा भार बाबांवर. उचलला नाही तर पैसे नाहीत. तेव्हा निघण्यापूर्वी नातेवाइकांना एक मेसेज टाका: ‘आईबाबा परदेशात आहेत, साधा फोन लावू नका, व्हॉट्सॲपवर लावा.’ आमच्या सहलींत बिल फुगवणारे कॉल बहुतेक अशाच मंडळींचे असतात. पारोळ्याच्या आत्याबाई फोन करणार, ‘काय रे भो, पोचनात का?’ आणि पुढची पंधरा मिनिटं पाऊस, कापूस, कुणाचं लग्न ठरलं ते.

फोन उचलायची सवय सुटत नसेल तर प्रीपेडचा एक फायदा लक्षात घ्या: बॅलन्स संपला की गोष्ट तिथेच थांबते. पोस्टपेडचं बिल मात्र घरी परतल्यावर कळतं. म्हणून वयस्कर माणसांचा नंबर परदेशासाठी मुद्दाम पोस्टपेड करून घेऊ नका. पोस्टपेड आवर्जून लागतं ते आपल्याच देशात, जम्मू-काश्मीर आणि लडाखला, कारण इतर राज्यांतली प्रीपेड सिमं तिथे चालत नाहीत. अमरनाथला जाणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे जम्मूत उतरल्यावर समजतं. असो, तो वेगळा विषय.

आता रोजचं नेट. ७५ दिवस एकाच घरी राहायचं असेल तर जर्मनीतलंच प्रीपेड सिम, यात मला तरी शंका नाही. आपल्या कंपन्यांचे रोमिंग पॅक एक दिवस, दहा दिवस, महिना अशा हिशेबाने असतात आणि महिन्याच्या पॅकला काही हजार रुपये जातात. तिथल्या प्रीपेडला साधारण १० ते १५ युरोत चार आठवडे पुरेल इतका डेटा आणि देशातल्या देशात बोलणं मिळतं. जर्मनीतले बहुतेक प्रीपेड पॅक चार आठवड्यांचे असतात, कॅलेंडरच्या महिन्याचे नाहीत. तीन पॅक म्हणजे ८४ दिवस. खात्यात पैसे असले तर पॅक आपोआप पुढे चालू राहतो, म्हणून शेवटच्या वेळी जास्तीचे पैसे भरून ठेवू नका.

हे सिम घ्यायला मोबाइलचंच दुकान लागतं असं नाही. आल्डी, लिडल या किराणा-भाजीच्या साखळी दुकानांची स्वतःची सिमं असतात. मात्र जुलै २०१७ पासून तिथे ओळख पडताळल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. सिमचं पाकीट घेतलं आणि घातलं फोनमध्ये, असं होत नाही. पासपोर्ट आणि तिथला पत्ता लागतो, आणि पडताळणी कंपनीप्रमाणे दुकानात, पोस्टात किंवा व्हिडिओ कॉलवर होते. आई-बाबांना हे एकट्याने करायला लावू नका. पोचल्यावर दोन-चार दिवसांत भाऊ पासपोर्ट घेऊन बरोबर जाईल, तोवर घरी वायफाय आहेच. पहिल्या दिवसांत झोपेचंच गणित बसत नाही, बाहेर कोण जातंय.

एकाला घ्यायचं की दोघांना? सिमच्या पैशांकडे पाहून ‘एकच घेऊ, हॉटस्पॉट देता येईल’ असं लोक ठरवतात. एकाच घरात राहणाऱ्या, सतत बरोबर असणाऱ्या जोडप्याला ते पुरतंही. तरी आईंना वेगळं घ्यावं असं मी म्हणेन. बाबा बागेत फिरायला आणि आई वहिनीबरोबर बाजारात, असे दिवस येणारच, आणि ज्यांच्याकडे सिम नाही त्याच अडचणीत सापडतात. मला तर असं दिसलंय की घरच्या मंडळींना फोन लावण्याची जास्त गरज बायकांनाच असते आणि सिम मात्र नेहमी काकांच्या फोनमध्ये.

जर्मनीचं सिम असलं की आसपासच्या देशांचं काय? युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून नियम आहे की एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात वापरताना जादा दर लावायचा नाही. २०२२ मध्ये तो नियम २०३२ पर्यंत वाढवला. म्हणजे भाऊ पॅरिसला घेऊन गेला, ऑस्ट्रियाला घेऊन गेला, तरी तेच सिम, तोच पॅक. फक्त डेटाला एक मर्यादा असू शकते आणि सेटिंगमध्ये डेटा रोमिंग चालू करावं लागतं.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, आणि आपली माणसं जर्मनीच्या दक्षिणेला गेली की स्वित्झर्लंडला जाणारच. र्‍हाइनचा धबधबा बघायचा, बर्फाचा डोंगर बघायचा. काही जर्मन कंपन्या स्वित्झर्लंडही आपल्या पॅकमध्ये घालतात, काही घालत नाहीत. सिम घेतानाच भावाला ते बघू द्या. नसेल तर सीमेआधी डेटा रोमिंग बंद. कॉन्स्टान्ससारख्या अगदी सीमेवरच्या गावात तर तुम्ही जर्मनीत उभे असता आणि फोन स्विस टॉवरला चिकटलेला असतो. ब्रिटनही आता या नियमाबाहेर आहे. तुर्कस्तान कधी आत नव्हताच.

इथून मिळणाऱ्या परदेशी प्रीपेड सिमबद्दल विचारलंत. ती वाईट नसतात, मीही काही ग्रुपना घ्यायला सांगतो. आठ-दहा दिवसांत पाच देश, रोज नवं हॉटेल, काउंटरसमोर उभं राहायला वेळ नाही, इंग्रजीची धास्ती, अशा माणसाला ते इथेच मराठी-हिंदीत समजावून मिळतं आणि विमानतळावर उतरताच चालतं. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती मागतात, त्या द्याव्याच लागतात. पण त्यावरचा नंबर बहुतेक वेळा तिसऱ्याच देशाचा असतो आणि जर्मनीत तेही रोमिंगवरच चालतं. ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असलं तरी ठरावीक डेटानंतर वेग पार खाली येतो. आणि व्हॅलिडिटी १५ किंवा ३० दिवसांची. तुमच्या ७५ दिवसांच्या मुक्कामाला ते बसत नाही. कुणी गळ्यात मारायला लागलं तर तीनच गोष्टी विचारा: व्हॅलिडिटी सिम चालू केल्यापासून मोजणार की उतरल्यापासून, किती डेटानंतर वेग कमी होणार, आणि डिपॉझिट असेल तर परत कधी.

देशागणिक हा सल्ला बदलतो, म्हणून सरसकट ‘तिथे जाऊन घ्या’ असंही मी म्हणत नाही. थायलंडमध्ये विमानतळावरच काउंटर आहेत, पासपोर्ट दाखवला की दहा मिनिटांत सिम हातात. तिथे इथून काही न्यायची गरज नाही. जपानमध्ये पर्यटकांची सिमं बहुतेक नुसत्या डेटाची असतात, त्यांवर साधा कॉल लागत नाही. सौदीत सिम देताना बोटांचे ठसे घेतात. उमऱ्याला जाणाऱ्या, शेतात आयुष्य गेलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे ठसे रेशनच्या मशीनवरच उमटत नाहीत, तिथेही मग तीच रड. अशांना मी इथलं छोटं रोमिंग पॅक टाकूनच जा म्हणतो.

ई-सिमबद्दल, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायच्या सिमबद्दल, थोडक्यात. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ‘ईआयडी’ असा लांबलचक आकडा दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. नसेल तर हा विषय सोडून द्या, त्यासाठी नवा फोन घेऊ नका. प्रवासाच्या तोंडावर फोन बदलणं हीच मोठी आफत, सगळी बँकेची ॲप नव्याने नोंदवावी लागतात. सोय असेल तर क्यूआर कोड इथेच घरच्या वायफायवर स्कॅन करून ठेवा, कारण तो उतरवून घ्यायला नेट लागतं. आणि एकदा वापरलेला कोड बहुतेक वेळा पुन्हा चालत नाही, म्हणून ‘चालत नाहीये’ म्हणून डिलीट करायची घाई नको. प्रवासी ई-सिम अनेकदा स्वतःच रोमिंगवर चालतं, त्यामुळे त्या सिमचं डेटा रोमिंग चालू ठेवावं लागतं आणि भारतीय सिमचं बंद. लोक नेमकं उलटं करून बसतात.

आता मधला प्रवास, म्हणजे मुंबई सोडल्यापासून भावाच्या घरी पोचेपर्यंत. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. बाबांच्या एका नंबरवर थोड्या दिवसांचं रोमिंग पॅक घ्या, ज्याच्या देशांच्या यादीत संयुक्त अरब अमिराती आणि जर्मनी दोन्ही आहेत. आईंच्या फोनला हॉटस्पॉट मिळेल. दोन रात्रींसाठी दुबईचं वेगळं सिम घेण्यात अर्थ नाही.

दुबईत एक गोष्ट आधी सांगून ठेवा, नाहीतर घरी घबराट होते. तिथल्या नेटवर व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो, आवाजाचे संदेश जातात, पण व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. हॉटेलच्या वायफायवर आई कॉल लावत राहणार, तुम्ही इथे उचलत राहणार, आणि आवाज काही येणार नाही. मग ‘मन्हा फोन बंद पडी ग्या’ असं बाबा जाहीर करणार. फोनला काही झालेलं नसतं, तिथे इंटरनेटवरून बोलण्यावर बंधनं आहेत. बोटिम हे ॲप तिथे चालतं. दोन दिवसांसाठी आवाजाचे संदेश पाठवले तरी भागतं. भारतीय रोमिंगचा डेटा बहुधा इथल्या कंपनीच्या वाटेने फिरून जातो, त्यामुळे त्यावर कॉल बहुतेक वेळा लागतो. पॅकचा हा एक आडफायदा.

विमानात बसल्यावर फ्लाइट मोड टाकायला सांगा, आणि तो नुसता नियम म्हणून नव्हे. काही विमानांत मोबाइलचं नेटवर्क असतं, ते उपग्रहावरून चालतं आणि आपल्या साध्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही. क्रूझचंही तसंच. फोन खिशात, डेटा चालू, आणि माणूस झोपलेला, एवढ्यात बॅलन्स साफ होतो.

फोनबुकमधले घरचे सगळे नंबर अधिक-एक्याण्णव लावून सेव्ह करा, भावाचा अधिक-एकोणपन्नास लावून. नुसते दहा आकडे किंवा पुढे शून्य असलेले नंबर तिकडून लागत नाहीत. भावाचा नंबर, घरचा पत्ता आणि दुबईच्या हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. फोन चार्ज नसेल तर दुसऱ्याचा फोन मागून लावता येतो, पण नंबर पाठ कुणाला असतो हल्ली? तातडीच्या मदतीचा नंबर जर्मनीत ११२ आहे, आपल्यासारखाच.

थोडक्यात, बाबांचं भारतीय सिम फोनमध्येच, रोमिंग सेवा चालू, ८४ दिवसांचं रिचार्ज, जर्मनीत पोचल्यावर डेटा बंद. वाटेसाठी त्याच नंबरवर छोटं पॅक. पोचल्यावर दोघांना जर्मन प्रीपेड. मुंबईहून सिम मागवू नका.

आता तुम्ही स्वतः बसून त्यांच्या फोनमध्ये करून द्यायच्या गोष्टी. व्हॉट्सॲपमध्ये ‘रोमिंगवर असताना’ फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. गल्लीतल्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ रोमिंग पॅक सकाळीच संपवतात. ॲपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर. जर्मन सिम घातल्यावर डेटासाठी तेच निवडायचं, आणि रेंज गेली तर दुसऱ्या सिमचा डेटा आपोआप घेण्याची जी सोय असते ती बंद करायची. ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि ती चालू राहिली तर बाकी सगळी काळजी घेऊनही भारतीय सिमवरून डेटा जातो. नवं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारू शकतं. नाही म्हणायचं. जुन्याच नंबरवर ते चालत राहतं आणि इथल्या कुणाला नवा नंबर कळवावा लागत नाही. बँकेत तर जर्मन नंबर अजिबात देऊ नका. तो डिसेंबरनंतर त्यांच्याकडे राहणार नाही.

बाबांचं डेबिट कार्ड परदेशात चालायला हवं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा आणि मर्यादा लहान ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवी कार्डं देशातल्या वापरापुरतीच चालू करून मिळतात. दुबईच्या दुकानात कार्ड नाकारलं गेलं की दोष सहसा कार्डाचा नसतो, हा एक खटका बंद असतो. आणि तो चालू करायला ओटीपी लागतो.

वेळेचंही सांगून ठेवा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. जर्मनी साडेतीन तास मागे, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ मागे करतात, तिथून पुढे साडेचार. इथे सकाळी सातला बँकेचा किंवा कुणाच्या वाढदिवसाचा मेसेज आला की तिकडे रात्रीचे अडीच. भारतीय सिमची रिंग रात्री बंद ठेवता येते, सिम बंद करायचं नाही.

राहता राहिला नोव्हेंबर. मुक्काम सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, आणि बाबांचा पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायचा असतो. जीवन प्रमाणची, म्हणजे या दाखल्याच्या डिजिटल सोयीची, नोंदणी मोबाइल नंबर आणि आधारवर चालते, म्हणजे तो ओटीपी परत आलाच. निघण्याआधी बाबांना घेऊन त्यांच्या बँकेच्या शाखेत जा. परदेशातून दिलेला डिजिटल दाखला त्यांना चालेल का, आणि नसेल तर परतल्यावर किती दिवसांत द्यायचा, हे विचारा. त्याच फेरीत पासबुकावर बाबांचा चालू मोबाइल नंबर बरोबर नोंदलाय ना, तेही बघून घ्या.